मोजलेले आकडे जातात कुठे?

हिंगोली जिल्ह्यातून या खेपेस बरीच पत्रे आली. विषय वेगवेगळे आहेत: पाऊस, विहिरी, जमिनीतले आवाज, लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. पण सगळ्यांचा रोख एकाच बाजूला आहे. विज्ञान आमच्या दारात आले म्हणतात, मग त्यात आमचा वाटा कोणता? म्हणून ही पत्रे एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी कुणी ना कुणी येतं. कुणी माती नेतं, कुणी पाणी, कुणी फॉर्म भरून घेतं. पुढं काय झालं ते कळत नाही. विज्ञान आणि लोक यांची सांगड घाला असं सगळे म्हणतात. ती घालायची कशी? (एक शेतकरी, कळमनुरी तालुका)

उत्तर : नमुना नेणाऱ्याला चहा जरूर पाजा, पण तो संपायच्या आत तीन गोष्टी विचारा. काय मोजणार, निकाल मराठीत कधी देणार आणि गावात तो कुणाच्या हाती देणार? तिन्ही उत्तरे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला लिहून त्याची सही घ्या. सांगड घालण्याचे काम तिथूनच सुरू होते.

निकाल हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेचेच बघा. त्या योजनेत प्रत्येक शेतातून माती घेतलेली नव्हती. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना, असा तो हिशेब होता. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेवरची माती बांधापलीकडच्या शेजाऱ्याचीही असू शकते. आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे कुणी सांगितलेच नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो हळदीला खत टाकण्याआधी स्वतःच्या वावरातली माती वेगळी तपासून घेतो. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळच आहे.

उलटे उदाहरणही द्यायला हवे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी असे ठरले. कल्पना फार चांगली. माधव गाडगीळ यांच्यासारखे शास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून ती मांडत होते. गावचे गवत, मासे, गावरान बियाणे, झाडपाला यांची माहिती गावकऱ्यांनीच सांगायची आणि लिहायची. वर्षानुवर्षे काही हलले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मुदत घातली, ३१ जानेवारी २०२०. त्यानंतर दंड, राज्याला महिन्याला दहा लाख रुपये. वह्या धडाधड भरल्या गेल्या, पुष्कळ ठिकाणी तालुक्याच्या गावी बसून. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातही एक असेल. ती काढा आणि कयाधू नदीतले मासे तिच्यात आहेत का ते मासे धरणाऱ्या माणसाला विचारा. गुरे राखणाऱ्याला गवताचे पान वाचून दाखवा. दोघांनी माना डोलावल्या तर ती वही गावची, नाहीतर ती कंत्राटदाराची.

प्रश्न : आमच्या शिवारात नाल्याला पूर येऊन सोयाबीन वाहून गेलं. पण मंडळात पाऊस कमी नोंदला म्हणून अतिवृष्टीत गाव बसलं नाही. यंत्र खोटं बोलतं का? (सेनगाव तालुका)

उत्तर : यंत्र खरे बोलते, पण फक्त स्वतःच्या डोक्यावर पडलेल्या पावसाबद्दल. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. एका मंडळात कितीतरी गावे येतात. मराठवाड्यातला वळवाचा किंवा परतीचा पाऊस मात्र बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे ठेवतो. दोन-चार किलोमीटरवर चित्र पालटते.

यावर गावाने करण्यासारखे काम स्वस्त आहे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत साधे पर्जन्यमापक बसवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण हवामान खात्याचा दिवसही तिथेच बदलतो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचेच. रिकामी जागा म्हणजे शून्य की विसर, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आता स्पष्ट सांगतो. हा आकडा घेऊन तहसीलमध्ये गेलात तर मदत लगेच मिळणार नाही, तिथे अधिकृत केंद्राचीच नोंद चालते. पण तीन पावसाळ्यांची सलग वही आणि मंडळाची नोंद शेजारी शेजारी मांडली, तर आमच्या बाजूला दुसरे यंत्र हवे या मागणीला वजन येते. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापकाची तरतूद आहेच. ते बसेल तेव्हा जागा नीट निवडली का, हे तुमच्या वहीवरूनच तपासता येईल.

प्रश्न : पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय? पोकराच्या वेळी आमच्या गावात भिंतीवर तक्ता रंगवला होता, पण तो कुणाला उमगला नाही. (औंढा नागनाथ तालुका)

उत्तर : पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे पाच हजार गावांत राबवला गेला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, हिंगोलीसुद्धा. गावच्या पाण्याचा हिशेब मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मंडळींनी बसवून दिली. पाऊस, जमिनीचा पोत, उतार आणि पिके घातली की वाहून किती गेले, मातीत किती राहिले, खाली किती मुरले हे निघते.

हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर. हजार हेक्टरचे शिवार आणि आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर ८०० कोटी लिटर होतात. तक्त्यावर हेच ८,००० टीसीएम असे लिहिलेले असते, कारण एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. आकडा ऐकून गाव श्रीमंत वाटते. पण त्यातले बरेचसे पिके आणि ऊन मिळून उडवतात, पुष्कळसे नाल्यावाटे कयाधूला किंवा पूर्णेला जाते आणि विहिरीच्या वाट्याला थोडाच हिस्सा येतो. भांडण लागते ते त्या थोड्या हिश्श्यावर.

तो हिस्सा तक्त्यापेक्षा विहिरीत नीट दिसतो. आपल्याखाली लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. कुठे मांजऱ्या लागतो, कुठे भेगा असलेला खडक, कुठे पहारही बसत नाही असा काळा पाषाण. म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरींत पाणी वेगळे असते, आणि एका विहिरीवरून गावाचा निष्कर्ष काढता येत नाही. माथ्याजवळच्या दोन, मधल्या दोन आणि नाल्याकाठच्या दोन अशा सहा विहिरी निवडा. काठावर ऑइलपेंटने एक खूण करा, माप नेहमी तिथूनच. टेपला वजन बांधा, शेवटच्या मीटरभराला खडू फासा आणि सोडा. वर ओढल्यावर खडू जिथे ओला झाला तिथपर्यंत टेप पाण्यात होती. खुणेपर्यंतच्या मापातून तेवढे वजा केले की पाणी किती खोलीवर आहे ते मिळाले. मोटार चालू होण्याआधी, सकाळी मोजा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तेच महिने धरलेत तर तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. पोपटराव पवारांचे गाव म्हणून सगळ्यांना ते ठाऊक आहे, झाडे आणि बांध पाहायला सहलीही जातात. पण तिथली खरी गोष्ट ग्रामसभेत घडते. पाऊस किती पडला आणि विहिरी कितीवर आहेत ते वाचतात आणि मगच त्या वर्षी कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा निर्णयही गावाचाच. आपल्याकडे हळद जूनमध्ये लावली की जवळपास नऊ महिने रानात असते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतलाच हळदीचे संशोधन केंद्र उभे राहिले, क्षेत्र वाढतेच आहे. अशा वेळी ऑक्टोबरच्या विहिरीचा आकडा न वाचता मार्चपर्यंतचे पाणी गृहीत धरणे म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बायांना पाणी तपासायचं किट दिलं. एकदा प्रशिक्षण झालं, आता किट कपाटात आहे. आम्ही शिकलेल्या कमी. आमच्या तपासणीला कोण विचारणार? (कळमनुरी तालुका)

उत्तर : ताई, शाळा किती झाली याच्याशी या तपासणीचा काही संबंध नाही. जलजीवन मिशनने प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे शिकवायचे ठरवले, कारण घरात पाणी भरणारी बाईच चव आणि वास आधी ओळखते.

किटमधल्या दोन तपासण्यांपासून सुरुवात करा. पहिली जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. आला नाही तर टाकीत टीसीएल पावडर पडलेली नाही, किंवा पावडर जुनी होऊन तिचा दम गेला आहे. टाकीखालच्या पहिल्या नळाला पिवळे आले आणि तांड्यावरच्या शेवटच्या नळाला आले नाही, तर मध्ये कुठेतरी पाइप फुटून घाण आत शिरत असेल अशी शंका घ्या. म्हणून शेवटचा नळ तपासणे जास्त महत्त्वाचे.

दुसरी जंतूंची बाटली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, बूच लावायचे आणि उबेच्या जागी ठेवून द्यायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते पिण्याजोगे नाही. गावात याहून बोलका पुरावा नाही. काळी बाटली ग्रामसभेच्या टेबलावर ठेवली की भाषण करावे लागत नाही.

तुम्हाला कोण विचारणार, याचेही उत्तर आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. पुढच्या पाहणीच्या वेळी तुमची वही घेऊन तिथे उभ्या राहा. तुमच्या वहीत शेवटच्या नळाला चार वेळा रंग आला नाही असे असेल आणि हातात हिरवे कार्ड पडत असेल, तर तिथेच विचारा. एक मात्र ध्यानात असू द्या: किट इशारा देते, निकाल प्रयोगशाळा देते. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर दिसले तर पाणी प्रयोगशाळेत पाठवायला लावा, आणि तोवर तान्ह्या बाळाच्या दुधात ते वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही.

प्रश्न : पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात. किल्लारीसारखं काही होईल का? (वसमत तालुका)

उत्तर : ‘गूढ’ हा शब्द बातमीदारांना सोडून द्या. जमिनीत फार खोल नसलेला लहानसा भूकंप कठीण खडकात झाला की त्याच्या पहिल्या लहरी हवेला धक्का देतात आणि धडाम असा आवाज होतो. पुष्कळदा धक्का जाणवतही नाही, आवाज मात्र ऐकू येतो. नांदेड शहरानेही २००६ पासून काही वर्षे हे अनुभवले आहे.

भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये किल्लारी भागातही लहान धक्के बसले होते, आणि ती आठवण मराठवाडा विसरणार नाही. पण लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका तशाच विरून जातात, आणि मोठा धक्का कधी येईल हे जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला भूकंप ४.५ तीव्रतेचा होता, किल्लारीचा ६.२ च्या आसपास. फरक दीड-दोन अंकांचा दिसतो, पण ऊर्जेच्या हिशेबाने किल्लारीचा धक्का तीनशेपटींहून मोठा होता.

तुमच्या हातात दोन कामे आहेत. पहिले, नोंद. आवाजाची वेळ मोबाइलच्या घड्याळावर पाहून लिहा, भांडी वाजली का, तुम्ही कुठे होता, हेही लिहा. चार गावांच्या वह्या जुळवल्या तर खाणीतला सुरुंग कोणता आणि भूकंप कोणता हे वेगळे पडते. सुरुंग बहुधा दिवसाउजेडी उडतो. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राला धक्का जाणवल्याची नोंद लोकांनाही कळवता येते.

दुसरे काम घराचे. किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. माळवद गळते म्हणून दरवर्षी वर मातीचा नवा थर पडतो आणि छताचे वजन वाढत जाते. जुने थर उतरवून छत हलके करणे, आणि निजायची जागा जड भिंतीपासून लांब घेणे, यासाठी भूकंपाचे भाकीत लागत नाही.

प्रश्न : मग भूकंप होणाऱ्या जिल्ह्यात लायगो कसं उभारतात? आणि आम्हाला ट्रॅक्टर, बोअरची गाडी बंद करायला लावतील का? (औंढा नागनाथ तालुका)

उत्तर : अधूनमधून बसणारा धक्का आणि रात्रंदिवस चालणारी थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा धक्का जगात कुठेही बसला तरी लायगोची यंत्रे काही काळ थांबू शकतात आणि लहरी ओसरल्या की पुन्हा लागतात. नडते ती रोजची थरथर: समुद्राच्या लाटांची, रेल्वेची, कारखान्यांची. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याचे शिवार समुद्रापासून लांब आणि अवजड उद्योगांपासून दूर, म्हणून ते निवडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची २,६०० कोटींची मंजुरी आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी, असा त्याचा प्रवास आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल टिपायचा.

एवढ्या नाजूक यंत्राशेजारी माणसे राहतात कशी, याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत लिव्हिंगस्टनच्या लायगोभोवती जंगलात लाकूडतोड चालते. तिच्या कंपांमुळे दिवसा यंत्र चालवणे जड जाऊ लागले, तेव्हा २००४ च्या सुमारास तिथे कंप झेलणारी जादा यंत्रणा बसवली. हॅनफर्डच्या लायगोत तर नळीवर साठलेल्या बर्फाला कावळे चोच मारत होते आणि त्याची खडखड नोंदींत उतरत होती. बर्फावरच्या चोचींच्या खुणा पाहून कारण सापडले. ट्रॅक्टरबद्दलचे उत्तर मात्र प्रकल्पाकडून लेखी यायला हवे. ग्रामसभेचा ठराव करा: कोणत्या अंतरात, कोणत्या वेळी, कोणत्या कामावर काही बंधन येणार आहे काय? त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला. लायगोच्या केंद्रांवर भूकंप, वारा, हवामान मोजणारी यंत्रे असतातच. इथे बसणाऱ्या यंत्रांच्या अशा नोंदी जिल्ह्याला खुल्या मिळाव्यात. वसमतच्या आवाजांसाठी त्या मोलाच्या ठरतील. ही मागणी बांधकाम चालू असतानाच करायची असते.

तुमच्या मुलांना मात्र थांबायची गरज नाही. २०१६ पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाच्या उपक्रमात सामान्य लोक संगणकावर लायगोच्या नोंदींतली खडखड ओळखून वेगळी काढतात. तिचे काही नवे प्रकार शास्त्रज्ञांच्याही आधी या हौशी मंडळींना दिसले. त्याला पदवी लागत नाही.

प्रश्न : आम्ही गावातली आठ-दहा पोरं विज्ञान मंडळ काढतोय. नोंदणी, नाव, लेटरहेड यांबद्दल मार्गदर्शन करावं. (हिंगोली तालुका)

उत्तर : लेटरहेड राहू द्या, आधी दोनशे पानी वही आणा. वर्षभर एकच गोष्ट मोजा, पाऊस किंवा विहिरी. पहिल्या पावसात सगळे येतील, ऑगस्टमध्ये निम्मे उरतील, म्हणून पाळी लावून घ्या आणि शाळेतल्या मुलींना सोबत घ्या. मोजण्यात अडले तर परभणीचे कृषी विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि तोंडापूरचे केंद्र आहे. ‘चला जाणूया नदीला’ या २०२२ च्या अभियानात कयाधूचा समावेश होता, तिच्या काठाने काम केलेल्या कार्यकर्त्यांनाही गाठा. नदी कुठे आटते हे त्यांनी पायी फिरून पाहिले आहे.

वही भरली की ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याशी जोडा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. असे पैसे कोणत्या नाल्यावर, कोणत्या पाइपवर खर्चायचे हे बहुधा ज्याचा आवाज मोठा तोच ठरवतो. विहिरींची वही तिथे वाचली गेली तर दुसरे काही ठरू शकते.

इथेच तुमची कसोटी लागेल. कधीतरी वहीतला आकडा कुणाला तरी गैरसोयीचा निघेल: पुढाऱ्याच्या बोअरमुळे शेजारची विहीर खाली गेली असेल, किंवा तुमच्यापैकीच कुणाच्या बापाच्या बोअरमुळे. त्या दिवशी तो आकडा खोडला गेला नाही, तर मंडळ टिकले असे समजा. नाव आणि नोंदणी त्यानंतर करता येईल.

आणि कॅलेंडरवर एक खूण करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीचा विचार होण्याआधी पावसाचे आणि विहिरींचे आकडे वाचण्याचा विषय पत्रिकेवर यायला हवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे तसा लेखी अर्ज सप्टेंबरच्या मध्यालाच द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.